दस्तीखाली दिलेला शब्द

याकोब मास्तरांना त्यांच्याच दफनविधीत फसवलं गेलं, आणि फसवणारी आमची मंडळी होती. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची गावात उपासनेला जमणारी माणसं. मुखेड रस्त्यावरच्या आमच्या गावात अशी चाळीसेक घरं, पत्र्याचं एक चर्च आणि एक घंटा आहे. ज्या माणसानं जन्मभर कुणाचा वेळ खाल्ला नाही, त्याची पेटी समोर ठेवून आम्ही सगळी दुपार बोललो. त्यानं स्वतः लिहून ठेवलेले चार शब्द मात्र वाचले नाहीत. मेलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, तो परत येऊन भांडत नाही. म्हणून त्याच्या वतीनं मी भांडतो आहे. शेजारी म्हणतात, आता पाच आठवडे झाले, सोडा. मला सोडता येत नाही. जेवायला बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही...

बातमी आली तेव्हा मी रेणापूरच्या बाजारात होतो आणि माझा हात दुसऱ्याच्या हातात होता. हे नीट सांगायला हवं. मी जनावरांचा दलाल. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर दस्ती टाकतात. दस्ती म्हणजे हातरुमालच, पण आमची मोठी, चौकड्यांची. त्या दस्तीखाली एकमेकांची बोटं धरून, पेरं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. दोघंही ओठ मिटून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसलेले असतात. मधेच एक मान हलवतो, दुसरा हसतो. आणि हात सुटला की सौदा पक्का. त्यानंतर जो फिरला, त्याच्यापुढं पुढच्या बाजारात कुणी दस्ती टाकत नाही. असा हात अडकलेला असताना खिशातला मोबाइल वाजला, थांबला, पुन्हा वाजला. अर्ध्या सौद्यात हात काढायचा नसतो. मी काढला नाही. सौदा झाला, हात सुटला, मग बघितलं तर मास्तरीणबाईंचे चार फोन येऊन गेले होते. मी लावला. त्या म्हणाल्या, "शामूभाऊ, मास्तर गेले." मी विचारलं, "कवा?" त्या म्हणाल्या, "तुमी उचलला न्हाई तवा."

त्या घरात सगळे असेच बोलत. मोजकं, आणि नेमकं जागेवर बसणारं.

पण मास्तर आधीपासून असे नव्हते. तीसेक वर्षांपूर्वी मुखेडच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तर वैतागलो होतो. माझ्या नावावर तेव्हा काही नव्हतं. एक दावं, एक काठी, आणि दुसऱ्याचे बैल विकून देतो म्हणून सकाळपासून उन्हात उभं राहण्याची तयारी, एवढंच भांडवल. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या गावाला तेव्हा पाळक नव्हता, म्हणजे उपासना चालवायला नेमलेला धर्मगुरू नव्हता. ते काम मास्तर पगाराविना करत, आणि बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की चहाच्या टपरीजवळच्या बाभळीखाली उभे राहून उपदेश करत. पांढरा सदरा, वहाणांवर धूळ, आणि तोंडात छापील भाषा. "हे पतित मानवा, तुझ्या अंतःकरणाचे कवाड उघड..." त्यांचं कवाड उघडेपर्यंत माझे दोन बैल विकले गेले. ऐकायला थांबलेल्यांपैकी एक म्हातारा होता, तोही सावलीसाठी. उपदेश संपवून मास्तर चहाला आले. मी तिथंच बसलेलो होतो, आणि माझी जीभ तेव्हाही आवरत नसे.

मी म्हणालो, "मास्तर, तुमचा माल लई दिवसांचा बांधून हाय वाटतं."

"कोणता माल?"

"देव. माझे दोन गेले तोवर. तुमच्यापाशी गिऱ्हाईक बी थांबंना."

टपरीवरची माणसं हसली. मला वाटलं, आता शाप देतील, नाहीतर माझ्यासाठी प्रार्थना तरी करतील. मास्तरांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "तू कसं विकतोस?"

"मी बोलतच न्हाई. ज्याच्या बैलात खोट असती, त्याचं तोंड लई चालतं. गिऱ्हाईकाला मालूम असतंय. आपण खामोश बसायचं, बैल चालवून दाखवायचा."

मास्तर माझ्यासमोर पोत्यावर बसले आणि हात पुढे केला. म्हणाले, "दाखव ती दस्ती." शाळेचा मास्तर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, भर बाजारात दलालासमोर बसून भाव लावायला शिकला. शिकून झाल्यावर म्हणाला, "शनिवारी सकाळची शाळा असती. दुपारी तुझ्या गोठ्यात येतो. उद्याचा उपदेश तू ऐकायचा. कळलं न्हाई की बोट दाब."

मला वाटलं, गंमत करून राहिलेत. पण ते आले. आणि पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षं, मी बाजाराला बाहेर नसलो तर, दर शनिवारी येत राहिले.

आमची रीत अशी होती. गोठ्यात दगडाची एक लांब फाडी आहे, तिच्यावर दोघं समोरासमोर बसायचो. मधे हात, हातांवर दस्ती. मास्तर उद्याचा उपदेश बोलून दाखवायचे. मी ऐकायचो. जिथं माझं लक्ष शेपटीनं माशा हाकणाऱ्या बैलाकडं गेलं, तिथं मी त्यांचं बोट दाबायचं. का दाबलं ते विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. ते तेवढं गाळायचे, किंवा मोडून पुन्हा सांगायचे. पहिल्या शनिवारी मी इतकं दाबलं की त्यांचं बोट लाल झालं. तो उपदेश तासाचा होता. सहा महिन्यांत अर्ध्या तासावर आला. दोन-तीन वर्षांनी असा दिवस आला की मास्तर आठ-नऊ मिनिटं बोलले, थांबले, आणि माझं बोट हललंच नाही. आम्ही दोघंही दस्तीकडं बघत राहिलो. मग ते म्हणाले, "झालं वाटतं," आणि हात सोडला.

त्या दिवशी मी फुशारकी मारली. म्हणालो, "बगा, बाजारानं तुमाला उपदेश शिकवला." मास्तर दस्तीची घडी घालता घालता म्हणाले, "अर्धाच शिकवला, शामू. तू कमी बोलतोस ते भाव बाकीच्यांना कळू नये म्हणून. मला कमी बोलायचंय ते सगळ्यांना कळावं म्हणून. तुझं दस्ती टाकून चालतं, मला ती काढायची हाय." धंद्यात मला हरवणारे दोनच लोक मी पाहिले. त्यातले एक हे, आणि ते धंद्यात नव्हतेच.

मग त्यांचं छापील बोलणं गेलं. कवाड गेलं, पतित मानव गेला. हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. प्रत्येक पाहुणा वक्ता तिच्यात मेंढराचा अर्थ, काट्यांचा अर्थ, काठीचा अर्थ असं करत दिवस मावळवायचा. मास्तर एका रविवारी उभे राहिले आणि म्हणाले, "शंभरातलं एक गेलं. तुमी म्हणाल, बाजारात एवढी तूट चालती. त्याला चालली न्हाई. तो गेला शोधायला." थोडं थांबून त्यांनी पुढं विचारलं, "ह्या आठवड्यात कोण आलं न्हाई चर्चला?" सगळे इकडं तिकडं बघायला लागले. चार घरं निघाली. दुपारी आम्ही त्या चार घरी गेलो. एका घरात बाई तापानं फणफणलेली होती आणि कुणाला ठाऊक नव्हतं. तो उपदेश मला अजून पाठ आहे, कारण पाठ करण्याएवढाच होता.

सगळ्यांना हे आवडत होतं असं मात्र नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांतले एक म्हातारे तीन कोस चालत यायचे. ते चिडून म्हणाले, "मास्तर, एवढ्या लांबून आलो, आन एवढंच?" मास्तर म्हणाले, "जाताना तेवढंच धरून चाला. जड झालं तर सांगा." शेजारच्या गावात उपदेश दोन-दोन तास चालतो, मोठे भोंगे लागतात, आपलं मात्र चहा उकळायच्या आत संपतं, अशी कुरकूर कायम असायची. लोकांना उपदेशही ढिगानं हवा असतो. पण बाहेरची माणसं थांबून ऐकायची ती मास्तरांचंच. शेजारचा बौद्ध वस्तीतला गवंडी दारात टेकून ऐकायचा. रानातून येणारा पाटलांचा सालगडी सायकल न लावता एक पाय जमिनीवर टेकून ऐकायचा आणि संपलं की पायडल मारायचा. एकदा त्याला मी विचारलं, "कामून थांबतोस रे? तू काय ख्रिस्ती न्हाईस." तो म्हणाला, "थांबल्यावानी वाटतच न्हाई. लगीच संपतंय."

आता मला माझ्या बायकोबद्दल लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मार्था गेली त्याला आता आठ वर्षं होतील. तीन दिवसांचा ताप, लातूरचा दवाखाना, आणि चौथ्या दिवशी पेटी. दफनाला बाजारातले सगळे आले होते. चाकूरचे, रेणापूरचे, ज्यांच्याशी मी उभा जन्म भांडलो ते सुद्धा. माझी इच्छा होती की मास्तरांनी त्या दिवशी पोट भरून बोलावं. ती कशी होती, तिनं माझ्यासारख्या तापट माणसासोबत कशी निभावली, सगळं. मास्तर खड्ड्याच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले : "मार्थाबाई दारात आलेल्याला पाणी देताना तू कोण म्हणून विचारत नसत. ते पाणी मी प्यालो आहे. त्या ज्याच्याकडं गेल्या, त्याला तहानलेली माणसं ओळखू येतात. शामू, घरी गेल्यावर माठ भरून ठेव."

आणि प्रार्थना करून मागं सरले.

मी तिथं काही बोललो नाही, पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभा राहून गल्ली ऐकेल असा ओरडलो. "माझ्या बायकोला चारच वाक्यं? बैल विकताना बी मी जास्त बोलतो! तुमी माप मारलं मास्तर! आन वर मला, चारचौघांत, माठ भर म्हणता?" मास्तरीणबाई दारात आल्या. मास्तर खाटेवरून उठून बाहेर आले आणि म्हणाले, "मला ती जेवढी मालूम होती तेवढी बोललो, शामू. बाकीची तुला मालूम हाय. ती मी कशी बोलू?" मी पाठ फिरवली. वर्षभर बोललो नाही. शनिवारी मुद्दाम गोठ्याला कुलूप लावून जायचो. ते येत, कुलूप बघत आणि जात, असं शेजारी सांगत.

त्या वर्षात माझं घर कसं झालं होतं ते माझं मलाच दिसलं नाही. एक दिवस उन्हाळ्यात कुणीतरी अनोळखी माणूस दारात उभा राहून पाणी मागू लागला. मी उठलो. माठ कोरडा होता. आत कोळ्यानं जाळं केलं होतं. मी त्याला म्हणालो, पाणी न्हाई, पुढं जा. तो गेला. आणि मी त्या माठापाशी बसलो, तेव्हा मास्तरांची चारही वाक्यं एकामागून एक आली. एकाही शब्दाची अदलाबदल न होता. त्या दफनाला दुसऱ्या गावच्या एका पाहुण्या पाळकानं अर्धा तास प्रार्थना केली होती, तिच्यातलं मला काही आठवेना. मी माठ घासला, भरला, तांब्या उपडा ठेवला. दोन-चार दिवसांत गल्लीतली पोरंसोरं, पोस्टमन, रानाकडं जाणाऱ्या बाया, सगळे पूर्वीसारखे दारात थांबायला लागले. घरात परत माणसांचा आवाज झाला. पुढच्या शनिवारी मी कुलूप लावलं नाही. मास्तर आले, फाडीवर बसले. मी म्हणालो, "माठ भरला."

"हाव. कळलं."

"कुनी सांगितलं?"

"परवा मीच पिऊन गेलो. तू चाकूरला गेलतास."

मी हात पुढं केला. त्यांनी दस्ती टाकली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाला नवे पाळक नेमले गेले. तरुण आहेत, शिकलेले आहेत, गाणं चांगलं म्हणतात, आजाऱ्याकडं जातात. त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. पण बोलायला उभे राहिले की बसणं त्यांना जमत नाही. प्रस्तावनेला प्रस्तावना, मग "शेवटी एवढंच सांगतो", आणि त्यानंतर तीन वेळा शेवट. मास्तर पहिल्या बाकावर मान खाली घालून ऐकायचे. एकदा बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सांगा की त्याला." मास्तर म्हणाले, "मला बोट दाबणारा मिळाला. त्याला मिळाला न्हाई अजून." माझ्याकडं बघून म्हणाले, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

मग मास्तरांना दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी फुप्फुसांचं सांगितलं. शेवटच्या महिन्यात ते गोठ्यात येऊ शकत नव्हते, मी त्यांच्या खाटेपाशी जायचो. एका दुपारी त्यांनी उशाखालून वहीच्या कागदाची चौकोनी घडी काढली. मग हात पुढं केला आणि दस्ती आपल्याच हातानं वर ओढून घेतली. हात वाळल्या काटकीसारखा हलका झाला होता.

म्हणाले, "माझ्या मातीला एवढंच वाचायचं. दुसरं कुणी बोलायचं न्हाई. पाळकांनी प्रार्थना करावी, गाणं म्हणावं, माती टाकावी."

मी म्हणालो, "लोक येतील मास्तर. मोठी मोठी येतील. त्यांना कसं अडवायचं?"

"म्हून तर तुला सांगून राहिलो. तुझ्यावानी भांडखोर गावात दुसरा न्हाई."

"कागदात काय हाय?"

"त्या दिवशी कळंल."

त्यांनी दस्तीखाली माझी पाची बोटं एकदम धरली. बाजारात ह्याचा अर्थ असा की आता याच्या वर-खाली काही नाही. मीही धरली. मग त्यांनी हात सोडला. सौदा पक्का झाला. मी घडी उघडून बघितली नाही. दुसऱ्याचा शब्द आधी उघडायचा नसतो. आज वाटतं, बघायला हवी होती... रोज वाटतं.

दफनाच्या सकाळी मी चिठ्ठी पाळकांच्या हातात दिली, कारण विधी तेच चालवणार होते. काय ठरलंय ते सांगितलं. ते म्हणाले, "हो दादा, अगदी. शेवटी वाचू या, म्हणजे परिणाम होईल," आणि घडी कोटाच्या आतल्या खिशात घातली. परिणाम हा शब्द ऐकला तेव्हाच मला कळायला हवं होतं. नांदेडहून दोन पाहुणे आले, लातूरहून एक. मंडप होता, पण पेटीवर सावली पुरत नव्हती. पहिल्या पाहुण्यानं मास्तरांचा जन्म सांगितला, तोही चुकीच्या गावी झाल्याचा. दुसऱ्यानं माणसाच्या आयुष्याला फुलाची, दिव्याची, नदीची आणि परत फुलाची उपमा दिली. तिसरा मास्तरांना एकदाच भेटला होता, ती भेट त्यानं पाऊण तास सांगितली. बाया पदरानं वारा घेत होत्या. खड्डा खणणारे दोघं फावड्यांवर हनुवटी टेकून उभे होते. एक म्हातारी चक्कर येऊन खाली बसली. मी पाळकांना दोनदा खूण केली. ते हात जोडून डोळ्यांनी म्हणाले, जरा थांबा. मग जवळ येऊन कानात म्हणाले, "दादा, पाहुण्यांना नाही कसं म्हणू?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि तिसऱ्याच्या हातून माइक ओढून घेतला.

मला एवढंच म्हणायचं होतं : "बस झालं. मास्तरांची चिठ्ठी वाचा." एवढं म्हणून मी माइक पाळकांना दिला असता, तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं की, ह्या गावात मास्तरांना खरा ओळखणारा मी एकटा हाय. आणि मग बाभळीखालचा दिवस आला. मग टपरीवरचा चहा. मग मी एका दाव्यावर धंदा कसा उभा केला ते आलं, मुखेडच्या दलालांनी मला सुरुवातीला जवळ कसं बसू दिलं नाही ते आलं, आणि मंडळीनं मला एवढ्या वर्षांत एकदाही पंच कसं केलं नाही तेही आलं. मास्तरांच्या पेटीपुढं उभा राहून मी ते उकरून काढलं! मार्था आली, माठ आला, मी रडलो, रडून झाल्यावर परत बोललो. थोडक्यात बोलण्याचं महत्त्व मी इतकं पटवून सांगितलं की सूर्य कलला. कुणीतरी मोबाइलवर हे सगळं घेतलं आहे. नंतर मी तो व्हिडिओ बघितला. खाली वेळ लिहून येते. चौतीस मिनिटं.

मी बसलो तेव्हा पाळकांनी घड्याळ बघितलं, आकाश बघितलं आणि म्हणाले, "अंधार पडायच्या आत आवरायला हवं. प्रार्थना करू या." प्रार्थना झाली. माती पडली. मी ओरडायला तोंड उघडलं, तर लोक उठून चालायला लागले होते. चिठ्ठी खिशातच राहिली. मास्तरीणबाई माझ्याजवळून जाताना थांबल्या. मला वाटलं, रागावतील. त्या हळूच म्हणाल्या, "हे असते तर तुमचं बोट मोडस्तोवर दाबलं असतं, शामूभाऊ."

दुसऱ्या दिवशी मी पाळकांकडं चिठ्ठी मागायला गेलो. ते म्हणाले, "आहे दादा, घरात आहे." आठवड्यानं गेलो. म्हणाले, "ती मी विधीच्या कागदांबरोबर फाइलमध्ये लावली असावी, ती फाइल कपाटात आहे, कपाट आवरायचं चाललंय." त्यानंतर गेलो तेव्हा त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की मास्तरांचा खरा संदेश त्यांचं जीवन होतं, कागद हा केवळ कागद असतो, शब्दांपेक्षा आठवण मोठी असते, आणि शिवाय कोट लातूरला धुवायला गेला होता, पण धुण्याआधी खिसे बघतात, आणि सापडली तर ते स्वतः आणून देतील. मी चहा ठेवला. एवढी वर्षं बाजारात बसलो आहे. पहिल्या दिवशी उत्तर एका ओळीचं होतं, पुढच्या वेळी लांबलं, आणि आता त्याला शेपूट संपेना. ज्याच्या बैलात खोट असते त्याचं तोंड कधी चालायला लागतं ते मला कुणी शिकवायला नको. मी तावातावानं म्हणालो, "सरळ सांगा, हरवली." तर तेही चिडले. म्हणाले, "दादा, चिठ्ठी शेवटी वाचणार होतो. शेवट तुम्ही खाल्लात."

चहाचे डाग पडलेल्या त्या टेबलावर मी उगाच बोट दाबत बसलो होतो.

मास्तरीणबाईंनी ती चौकड्यांची दस्ती मला दिली आहे. धुवू नका म्हणाल्या. शनिवारी दुपारी मी फाडीवर बसतो, हात पुढं करतो आणि त्याच्यावर दस्ती टाकतो. खाली एकच हात असतो. समोर बैल रवंथ करतो. कागदात काय असेल ह्याचे मी शंभर अंदाज केले. एखादा निरोप असेल, एखादं काम सांगितलं असेल, माठ भर सारखं. कुणाला सांगितलं असेल? मास्तरीणबाईंना? गावाला? त्या पाळकांना, ज्यांना अजून बोट दाबणारा मिळाला नाही? की मला? एखाद्या घरात कुणी तापानं पडलेलं असेल आणि आम्ही तिकडं गेलेलो नसू... मास्तर शोभेसाठी कधी काही बोलले नाहीत. जे बोलले ते उठून करायचं असे. पाच आठवडे झाले, आणि काय करायचं होतं तेच आम्हाला ठाऊक नाही. माठ मी रोज भरतो, पण तेवढ्यानं बसवत नाही.

म्हणून हे जाहीर लिहितो आहे. आमच्या गावात हे वर्तमानपत्र शनिवारी दुपारच्या एसटीनं येतं, पाळकांच्या घरीही येतं. रविवारी उपासना संपायच्या आधी मी उभा राहणार आहे. ती दस्ती माझ्या हातात असेल, सगळ्यांना दिसेल अशी. मी एकच वाक्य बोलणार : हात सुटल्यावर सौदा मी मोडला. बाजारात हे कबूल करणाऱ्या दलालाचा धंदा संपतो, हे मला माहीत आहे. एवढं बोलून मी खाली बसेन. मग पाळकसाहेब, सगळी मंडळी तुमच्याकडं बघेल. मास्तरीणबाई पहिल्या बाकावर असतील. प्रस्तावना नको, फूल नको, नदी नको, कोटाची हकीकत नको. एका वाक्यात सांगा.

चिठ्ठी कुठं आहे?